बाक बदलायला तीन महिने

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९९२ च्या डिसेंबरात पाचवीतल्या एका मुलीला तिच्याच वर्गातला मुलगा त्रास देऊ लागला. नको तिथे हात लावायचा प्रयत्न, घाणेरडं बोलणं, खेळाच्या तासाला अश्लील हावभाव. मुलीनं बाईंना वेळोवेळी सांगितलं, आईनंही सांगितलं. आईनं पुढे कोर्टात मांडलेल्या हकिगतीनुसार, त्या मुलाच्या शेजारून उठून दुसरीकडे बसायची परवानगी मिळायलाच तीन महिन्यांहून जास्त काळ गेला. मुख्याध्यापकांनी मुलीला विचारलं, तक्रार करणारी तू एकटीच कशी? मे महिन्यात मुलावर गुन्हा दाखल झाला, त्यानं तो कबूल केला. तोवर मुलीचे गुण घसरले होते आणि तिनं लिहिलेली आत्महत्येची चिठ्ठी वडिलांच्या हाती लागली होती.

'डेव्हिस विरुद्ध मन्रो काउंटी शिक्षण मंडळ' या नावानं हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९९९ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. एका विद्यार्थ्यानं दुसऱ्याला दिलेल्या लैंगिक त्रासाबद्दलही शाळा जबाबदार ठरू शकते, हे त्यात मान्य झालं. अट अशी की त्रास गंभीर आणि सततचा हवा, आणि शाळेला तो ठाऊक असूनही तिनं जाणूनबुजून दुर्लक्ष केलेलं हवं. या अटींचा कायदेशीर अर्थ महत्त्वाचा आहेच. पण या प्रकरणातला बाक माझ्या डोक्यातून जात नाही. बाक बदलायला पैसे लागत नाहीत, चौकशी समिती लागत नाही, कोण खरं कोण खोटं हे ठरवावंही लागत नाही. तो पहिल्याच दिवशी, त्याच तासाला बदलता आला असता.

बहुतेक शाळांचं धोरण 'तक्रार आली की बघू' एवढंच असतं. माझं म्हणणं आहे की मुलांनी मुलांवर केलेल्या लैंगिक त्रासाचा प्रश्न आधी बाकांचा, जिन्यांचा, वेळापत्रकाचा आणि मोठ्या माणसांच्या पहिल्या दहा मिनिटांचा आहे. चौकशी आणि शिक्षा त्यानंतर येतात. हे आधीचं काम झालेलं नसेल, तर चौकशीही धड होत नाही.

'आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही' हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संस्थेनं सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी करून २०११ साली अहवाल दिला. एका शालेय वर्षात ४८ टक्के विद्यार्थ्यांना कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाला होता, आणि शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला तो सांगणारे होते सुमारे ९ टक्के. म्हणजे अकरा मुलांमागे एक. इंग्लंडमध्ये २०२१ साली शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेनं ३२ शाळा-महाविद्यालयांत जाऊन ९०० हून अधिक मुलांशी बोलणं केलं. नको असलेली अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ आपल्याला किंवा आपल्या बरोबरीच्यांना पाठवले जातात, असं जवळपास ९० टक्के मुलींनी आणि जवळपास निम्म्या मुलांनी सांगितलं. सांगितल्यावर पुढे काय होईल ते आपल्या हातात राहणार नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही, मित्रमैत्रिणी वाळीत टाकतील, अशी गप्प राहण्याची कारणं त्यांनी दिली. काहींनी तर हे इतकं रोजचं आहे की सांगायचं काय, असंही म्हटलं. ऑफस्टेडनं शाळांना दिलेला सल्ला साधा होता: एकही तक्रार आलेली नसली, तरी हे तुमच्याकडे घडतंय असं धरूनच चाला.

असं धरून चालायचं म्हणजे काय करायचं? सुरुवात इमारतीपासून करावी. न्यू यॉर्क शहरातल्या ३० शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग या बाबतीत फार मोलाचा आहे. काही शाळांत वर्गात पाठ शिकवले, काहींत इमारतीच्या पातळीवर उपाय केले, काहींत दोन्ही, आणि काहींत नेहमीचंच चालू ठेवलं. जिथे नुसते वर्गातले पाठ होते, तिथे म्हणावा तसा फरक पडला नाही. जिथे इमारतीकडे लक्ष दिलं, तिथे लैंगिक त्रास कमी झाला, पाठांची जोड नसतानाही. आणि इमारतीचे हे उपाय काही भव्य नव्हते. मुलांनीच काढलेले धोक्याच्या जागांचे नकाशे आणि त्यानुसार बदललेली देखरेख, जागोजागी भित्तिपत्रकं, आणि त्रास देणाऱ्यानं कुणापासून कुठे आणि किती लांब राहायचं याचा शाळेपुरता लेखी करार.

नकाशाचं काम एका तासात होतं. प्रत्येक मजल्याचा, मैदानाचा आणि बसचा साधा आराखडा कागदावर काढायचा, प्रत्येक मुलाला एक प्रत द्यायची. जिथे बिनधास्त वाटतं तिथे हिरवा, जिथे सावध राहावं लागतं तिथे पिवळा, जिथे जायलाच नको वाटतं तिथे लाल रंग. शेजारी वेळ लिहायची: मधली सुट्टी, दोन तासांच्या मधली पाच मिनिटं, शाळा सुटल्यानंतर. नाव लिहायचं नाही, स्वतःचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही. मुलांना एकमेकांचे कागद दिसणार नाहीत असं बसवायचं, कागद घडी घालून खोक्यात टाकायला लावायचे, आणि शक्य असेल तर मुलामुलींचे गठ्ठे वेगळे ठेवायचे, कारण दोघांच्या लाल जागा बऱ्याचदा वेगळ्या निघतात. मग सगळे कागद एका मोठ्या आराखड्यावर उतरवायचे. जिन्याचं वळण, स्वच्छतागृहाबाहेरचा बोळ, कपडे बदलायची खोली, प्रयोगशाळेमागची भिंत, बसच्या शेवटच्या दोन रांगा. ही यादी पाहून शिक्षक दचकतात, पण ती मुलांना कधीपासून पाठ असते.

इथून पुढे गोष्टी बिघडायला लागतात. लाल खूण पाहून शाळा पहिलं काम करते ते स्वच्छतागृहाला कुलूप लावण्याचं. मग मुली दिवसभर पाणी प्यायचं बंद करतात, आणि शिक्षा झाली ती त्यांनाच. दुसरी चूक कॅमेऱ्याची. बोळात कॅमेरा असायला हरकत नाही, पण तो घडून गेलेलं दाखवतो, घडताना मध्ये पडत नाही. स्वच्छतागृहात किंवा कपडे बदलायच्या खोलीत तर तो कधीही असता कामा नये. तिसरी चूक म्हणजे माणूस नेमला, पण नुसता उभा. दोन शिक्षक जिन्याच्या तोंडाशी गप्पा मारत उभे राहिले, तर वळणावर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. देखरेख करणाऱ्यानं चालत राहायला हवं, दर वेळी त्याच वाटेनं नको, आणि हातात फोन नको. तास संपण्याच्या एक मिनिट आधी एका शिक्षकाला मोकळं करून वळणावर पाठवणं वेळापत्रकात बसवावं लागतं. नाहीतर ते कुणाचंच काम राहत नाही. बसमध्ये लहान मुलं पुढे, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि सोबतच्या ताईंची बसायची जागा शेवटच्या रांगेत, ड्रायव्हरशेजारी नव्हे.

आता शिकवण्याबद्दल. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून सभागृहात घेतलेल्या व्याख्यानाचा उपयोग फोटोपुरता. मुलांना 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवला जातो, त्यातला वाईट माणूस नेहमी मोठा आणि बहुधा अनोळखी असतो. शेजारच्या बाकावरचा, आपल्यासोबत डबा खाणारा, सगळ्या वर्गाला हसवणारा मुलगा त्या चित्रात बसत नाही. म्हणून त्रास होणाऱ्या मुलीला आपल्याला होतंय ते नेमकं काय, हे नावानं सांगता येत नाही, आणि त्रास देणाऱ्यालाही ते कळत नाही. आधी सांगितलेल्या अमेरिकी पाहणीत दुसऱ्यांना असा त्रास दिल्याचं कबूल करणाऱ्यांपैकी ४४ टक्के म्हणाले की त्यात एवढं काही विशेष नाही, आणि ३९ टक्के म्हणाले की आम्ही गंमत करत होतो. ती मुलं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. ही गंमत नाही, असं त्यांना वेळीच, सरळ शब्दांत कुणी सांगितलेलं नव्हतं.

तो 'वेळीच' फार छोटा असतो. समजा, तास सुटलाय आणि बोळात एका मुलानं पुढच्या मुलीच्या ब्राचा पट्टा मागून ओढून सोडला. आजूबाजूचे हसले. ती मुलगीही कसनुशी हसली. हे हसू पाहून शिक्षक पुढे जातात: 'तिची हरकत दिसत नाही.' शिक्षकानं तिथेच थांबायला हवं. आवाज न चढवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: 'तू तिचा पट्टा ओढलास. हा लैंगिक त्रास आहे आणि इथे तो चालत नाही. पुढच्या सुट्टीत माझ्याकडे ये.' काय केलं, ते काय आहे आणि पुढे काय होणार, एवढं सांगायला पंधरा सेकंद पुरतात. त्या मुलीला सगळ्यांसमोर 'तुला वाईट वाटलं का गं?' असं विचारायचं नाही, कारण तिथे ती 'नाही' म्हणणार हे ठरलेलं आहे. तिच्याशी नंतर, एकटी असताना बोलायचं. आणि हसणाऱ्यांनाही सोडायचं नाही, कारण पट्टा ओढणाऱ्याला हवा होता तो त्यांचा हशा. मुलांची पँट खाली खेचण्याच्या 'मस्तीला'ही हाच नियम लागू. मुलग्यांवर होणारा त्रास, खेळाच्या संघात आणि वसतिगृहात नव्यांना 'सामील करून घेण्याच्या' नावाखाली चालणारे प्रकार, यांची नोंद जवळजवळ होतच नाही, कारण त्याला कुणी लैंगिक म्हणायलाच तयार नसतं.

ब्रिटिश अभ्यासक सायमन हॅकेट यांनी मुलांच्या लैंगिक वर्तनाची पाच पायऱ्यांची मांडणी केली आहे: वयाला साजेसं, अनुचित, समस्यात्मक, शोषण करणारं आणि हिंसक. शिक्षकांच्या खोलीत ही पाच नावं भिंतीवर लावून ठेवावीत असं मला वाटतं. शाळांना दोनच टोकं ठाऊक असतात, एक 'वय असतं ते' आणि दुसरं 'काढून टाका त्याला'. मधल्या पायऱ्यांवर काहीच होत नाही, आणि प्रत्येक मूल वरच्या पायरीवर जातं असं नसलं तरी जे जातं त्याला अडवायची संधी तिथेच असते.

आणि तरीही एक दिवस कुणीतरी येऊन सांगतं. पुढची दहा मिनिटं फार नाजूक असतात. मूल बहुतेक वेळा मुख्याध्यापकांकडे जात नाही, ज्या माणसावर त्याचा जीव असतो त्याच्याकडे जातं: चित्रकलेच्या बाई, मावशी, ग्रंथपाल. म्हणून हे शिक्षण सगळ्यांना हवं, शिपायांना आणि बसच्या ताईंनाही. हातातलं काम खाली ठेवायचं. दरवाजा लोटलेला, पण बंद नको. 'सांग, काय झालं?', 'मग?', 'अजून काही सांगायचंय?' एवढेच प्रश्न. 'का' नं सुरू होणारा एकही प्रश्न नाही. 'तू तिकडे का गेलीस', 'आधी का नाही सांगितलंस' यांत आरोप असतो, आणि मूल तिथेच मिटून जातं. 'त्यानं तुला इथे हात लावला का?' असा उत्तर पुढ्यात ठेवणारा प्रश्नही नको. पुढे कोर्टात मूल शिकवलेलं बोलतंय, असा आक्षेप घ्यायला त्याच प्रश्नानं जागा होते. 'हे मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, ते मोडावं लागतं. त्याऐवजी: 'तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे काही माणसांना सांगावं लागेल. कुणाला आणि केव्हा, ते आधी तुला सांगेन.' आपल्या हातात काही उरणार नाही, या भीतीनं मुलं गप्प बसतात, हे आठवलं तर या शेवटच्या वाक्याचं वजन कळेल.

नोंद त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत. 'त्यानं मला खाली दुखवलं' असं ते म्हणालं, तर तेच लिहायचं, त्याचं 'लैंगिक अत्याचार केला' असं रूपांतर करायचं नाही. तारीख, वेळ, जागा, आपण कोणता प्रश्न विचारला, शेवटी सही. आणि मग हीच हकिगत मुलाकडून पुन्हा काढून घ्यायची नाही. वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापक, मग विश्वस्त, अशा पाच खोल्यांत पाच वेळा सांगायला लावणं हा आणखी एक छळ आहे, आणि प्रत्येक वेळी तपशील थोडा हलतो. आइसलंडनं १९९८ साली 'बार्नाहुस' म्हणजे मुलांचं घर सुरू केलं ते याचसाठी: प्रशिक्षित माणसानं एकदाच मुलाखत घ्यायची, पोलीस, वकील, बालसंरक्षण अधिकारी यांनी ती शेजारच्या खोलीतून पाहायची. ज्या शाळेजवळ अशी सोय नाही, तिनं निदान आपल्या बाजूनं आवृत्त्या वाढवू नयेत.

पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवण्याआधी 'आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या' असं म्हणण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो. अनेक देशांत तसं करणं बेकायदा आहे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असून ती न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि करणारा स्वतः अल्पवयीन आहे म्हणून ही जबाबदारी टळत नाही. पुरावा गोळा करणं हे शाळेचं काम नाही. तो बिघडू न देणं एवढंच तिचं काम. दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाकणं' तर कधीच नाही. भांडणात दोन बाजू असतात, म्हणून समेट करता येतो. अत्याचारात समेटाचा अर्थ, ज्याला लागलं त्यानंच थोडं सोडून द्यायचं.

शारीरिक अत्याचार झालेला असेल, तर घड्याळ चालू असतं. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं. गर्भधारणा रोखणारी तातडीची गोळी १२० तासांपर्यंत घेता येते, तीही लवकरच बरी. आंघोळ आणि कपडे बदलणं तपासणीनंतर केलेलं उत्तम, पण आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जायलाच हवं. बदललेले कपडे कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून पुरावा कुजतो. शाळेतल्या कुणीही मुलाचं अंग तपासायचं नाही.

फोनवरून फिरणाऱ्या नग्न चित्रांच्या बाबतीत उलट घाई होते. शिक्षक 'बघू तरी काय आहे' म्हणून फोन हातात घेतात, मग स्वतःच्या फोनवर मागवतात, मग मुख्याध्यापकांना पाठवतात. अल्पवयीन मुलाचं नग्न चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच बहुतेक देशांत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. न बघता लिहून घ्यायचं: कुठलं अॅप, कुठलं खातं, कुठला ग्रुप, किती वाजता, कुणाकुणाला मिळालं. मुलीला लगेच 'डिलीट कर' म्हणायचं नाही. एकतर पोलिसांना ते लागू शकतं, आणि दुसरं म्हणजे 'टेक इट डाउन' सारखी मोफत सेवा त्या चित्राचा फक्त डिजिटल ठसा घेऊन सहभागी समाजमाध्यमांना तो शोधून काढायला सांगते. चित्र फोनबाहेर जात नाही, पण ठसा घ्यायला ते फोनमध्ये असावं लागतं. संगणकानं चेहरा चिकटवून बनवलेलं खोटं नग्न चित्रही याच गांभीर्यानं घ्यायचं. चित्र खोटं असलं, तरी वर्गातली नजर खरी असते.

मग पुन्हा बाक. दोघं एकाच वर्गात असतील, तर हलणार कोण? बहुतेक वेळा मुलीलाच दुसऱ्या तुकडीत पाठवतात, 'तिच्या भल्यासाठी'. तिच्या मैत्रिणी सुटतात, शिक्षक बदलतात, आणि सगळ्या शाळेला कळतं ती कोण. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की बलात्काराची किंवा तशा गंभीर अत्याचाराची तक्रार आल्यावर, ज्याच्यावर आरोप आहे त्याला सामाईक वर्गांतून बाजूला करावं, आणि हे पाऊल म्हणजे तो दोषी असल्याचा निकाल मानू नये. हेच रास्त आहे. पण वर्ग म्हणजे फक्त तास नव्हेत. जेवणाची रांग, बस, प्रयोगशाळेतली जोडी, स्नेहसंमेलनाची तालीम, शाळेबाहेरचे ग्रुप, हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक ठिकाणी कोण कुठे असेल ते ठरवावं लागतं. तक्रारीनंतरचे सहा आठवडे सगळ्यात वाईट जातात. मित्रांची फळी उभी राहते, टोमणे, 'केस मागे घे' असे निरोप. कुणीही बदला घेतला तर तो स्वतंत्र गुन्हा धरला जाईल, हे संबंधित मुलांना आणि पालकांना पहिल्याच आठवड्यात लेखी द्यावं, आणि एका ठरलेल्या माणसानं दर आठवड्याला त्या मुलीची विचारपूस करावी, तिनं येण्याची वाट न पाहता. मूल अपंग असेल तर दुप्पट काळजी घ्यावी. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार अपंग मुलांवर लैंगिक हिंसा होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि त्यांच्या हावभावांतून किंवा तुटक शब्दांतून आलेली तक्रार तक्रार म्हणून वाचलीच जात नाही.

ज्याच्यावर आरोप आहे तोही मूलच आहे. हे लिहिलं की काहींना ते पीडितेच्या विरुद्ध वाटतं, पण तसं नाही. पाच ते बारा वयाच्या, लैंगिक वर्तनाच्या समस्या असलेल्या १३५ मुलांचा दहा वर्षं मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वर्तनावर नेमकं काम करणारे उपचार थोड्याच काळासाठी मिळाले होते, त्यांच्यात पुढे लैंगिक गुन्ह्याची नोंद झालेले फक्त २ टक्के होते. ज्यांना खेळातून उपचार दिले होते, त्यांच्यात १० टक्के. म्हणजे नेमकी मदत मिळाली तर हे बदलतं. नुसता दाखला हातात देऊन घालवून दिलेला मुलगा दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसतो, आणि तिथल्या शिक्षकांना काहीच ठाऊक नसतं. त्याचं शिक्षण चालू ठेवायचं, देखरेख वाढवायची, त्याच्या पालकांशी वेगळं बोलायचं, तो स्वतः कुठे काय सोसतोय का हे जाणकाराकडून तपासून घ्यायचं.

सहा महिन्यांनी नकाशे पुन्हा वाटायचे. लाल खुणा जिन्यावरून निघून मैदानामागच्या भिंतीकडे सरकल्या असतील, तर माणूसही तिकडे न्यायचा. आणि दरम्यान एखादं मूल टेबलापाशी येऊन 'मला तिथे नाही बसायचं' एवढंच म्हणालं, तर त्याच तासाला त्याचा बाक बदलायचा. कारण नंतर, ते एकटं असताना विचारायचं.